हवेचे ओझे आणि विहिरीचे पाणी

पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक प्रकरणांपैकी ज्या प्रकरणाचा शेतकऱ्याच्या विहिरीशी, पाटबंधारे खात्याच्या धरणांशी आणि मृग नक्षत्र जवळ आले की वर्तमानपत्रांच्या पहिल्या पृष्ठावर येणाऱ्या हवामानवार्तेशी अत्यंत निकटचा संबंध आहे, ते द्रवांच्या व वातावरणाच्या दाबाचे प्रकरण आपल्या शाळांतून ज्या रीतीने शिकविले जाते, त्या रीतीविषयी स्पष्ट बोलणे मला अगत्याचे वाटते. बहुसंख्य वर्गांत या विषयाचा आरंभ व्याख्येने होतो आणि शेवट उदाहरणे सोडविण्याने होतो. बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब, आणि द्रवाची खोली, घनता व गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार म्हणजे त्या खोलीवरचा दाब, हे विद्यार्थी बिनचूक लिहितो, त्यात आकडे घालतो व उत्तरापुढे एकक लिहावयासही विसरत नाही. परंतु त्याच विद्यार्थ्याला विहिरीवरचा पंप पाणी वर कसे आणतो असे विचारले, तर तो निःशंकपणे 'ओढून' असे उत्तर देतो. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ही चूक किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. हवा कोणालाही ओढीत नाही. ती लोटते, आणि पाणीही आपल्या नित्याच्या व्यवहारात लोटण्याचेच काम करते. हे लोटणे सर्व दिशांनी होते आणि त्याचे प्रमाण खोलीवर ठरते, एवढे ज्याच्या मनात रुजले नाही त्याला सूत्र पाठ असूनही विषयाचा स्पर्श झालेला नाही, असेच म्हणावे लागेल.

मोटेचे उदाहरण घ्या. मोट पाणी खरोखरच ओढून काढीत असे. चामड्याच्या मोटेत भरलेले पाणी नाड्याला बांधलेले असे, बैल धावेवरून खाली उतरू लागले की नाडा ताणला जाई, आणि जे बळ बैलांच्या खांद्यांत असे तेच नाड्यातून थेट पाण्यापर्यंत पोहोचे. नाडा पुरेसा लांब व मजबूत असला आणि बैलांच्या अंगात रग असली, तर साठ फुटांवरचे पाणीही वर येण्यास हरकत नसे. काठावर बसविलेल्या विजेच्या मोटरीची गोष्ट सर्वस्वी निराळी आहे. मोटरीचा फिरता पंखा सक्शन पाईपातला दाब तेवढा कमी करतो. पाण्याला वर लोटण्याचे काम विहिरीच्या उघड्या पृष्ठभागावर भार टाकणारी हवा करते. समुद्रसपाटीवर या हवेचे एकंदर सामर्थ्य १०.३ मीटर, म्हणजे सुमारे ३४ फूट, उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरण्याइतके आहे, आणि पाईपातले घर्षण, सांध्यांतून शिरणारी हवा, पाण्याची वाफ हे सारे वजा जाता व्यवहारात वीसपंचवीस फुटांच्या पलीकडे तिचा जोर चालत नाही. म्हणूनच चैत्र-वैशाखात पाणी खाली गेले की काठावरची मोटर हवा धरते, आणि शेतकरी ती उचलून विहिरीच्या आतल्या टप्प्यावर नेऊन बसवितो. पाचाऐवजी दहा अश्वशक्तीची मोटर आणली तरी त्या वीसपंचवीस फुटांत काही भर पडत नाही, कारण जे बळ अपुरे पडत आहे ते मोटरीचे नसून वातावरणाचे आहे. बोअरमध्ये पाणबुडी मोटर तळाशी सोडावी लागते ती याच कारणाने. तेथून ती पाणी खालून वर ढकलते, आणि ढकलण्याच्या कामी वातावरणाची मर्यादा आड येत नाही. दुष्काळी मुलुखात गावोगाव जे हापसे उभे राहिले, त्या 'इंडिया मार्क टू' नावाच्या पंपाच्या घडणीत सोलापूर पंपाचा मोठा वाटा आहे, आणि त्यातही दट्ट्या वर हँडलापाशी न ठेवता खोल पाण्यात उतरविलेला असतो. शेतकऱ्याला हा सर्व शिरस्ता अनुभवाने ठाऊक असतो. त्याचे कारण शाळेत जाणाऱ्या त्याच्या मुलाने त्याला घरी येऊन सांगावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

मुलाच्या चुकीबद्दल मात्र त्याला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण तीच चूक प्रत्यक्ष गॅलिलिओच्या हातून झालेली आहे. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन नव्या शास्त्रांवरील आपल्या संवादग्रंथात त्याने एका कारागिराचा दाखला दिला आहे. पंप बिघडला असे समजून त्याला बोलावले असता त्याने सांगितले की दोष पंपात नाही, पाणीच फार खाली गेले आहे, आणि अठरा हातांच्या वर कोणत्याही पंपाने पाणी तसूभरही चढावयाचे नाही. कारागिराचे निरीक्षण अचूक होते. गॅलिलिओने त्याची जी उपपत्ती लावली ती अशी की पाण्याचा स्तंभ वरून टांगलेल्या दोरासारखा असतो, आणि तो फार लांब झाला की स्वतःच्याच वजनाने तुटतो. हवेला वजन असते हे त्याला ठाऊक होते, ते मोजण्याचा प्रयत्नही त्याने केला होता. तरीही पंपातले पाणी 'ओढले' जाते ही कल्पना त्या महाबुद्धिमान पुरुषाच्या मनातून सुटली नाही. ज्या भ्रमातून बाहेर पडण्यास युरोपातील श्रेष्ठ विद्वानांना एक पिढी लागली, त्याचे निरसन तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या मनात एका व्याख्येने होईल असे आपण कोणत्या आधारावर धरून चालतो?

गॅलिलिओच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेल्या तोरिचेल्लीने १६४४ साली प्रश्नाची दिशाच बदलली. पाण्याऐवजी त्याने तेरापटीहून अधिक जड असा पारा घेतला. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने काठोकाठ भरून, तोंडावर बोट धरून, ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी केली असता नळीतला पारा थोडा खाली उतरला आणि सुमारे ७६ सेंटीमीटरांवर स्थिर झाला. वर रिकामी जागा राहिली. ३४ फूट पाणी आणि ७६ सेंटीमीटर पारा यांचे वजन समान छेदाच्या नळीत सारखेच भरते, तेव्हा या दोन्ही स्तंभांना तोलणारे बळ एकच असले पाहिजे आणि ते नळीच्या आत नसून बाहेर असले पाहिजे, हे त्याने ओळखले. आपण सारे हवेच्या एका महासागराच्या तळाशी बुडून राहत आहोत, या आशयाचे त्याचे विधान शास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

परंतु विधान कितीही समर्पक असले तरी ते सिद्ध व्हावे लागते, आणि ती सिद्धता ज्या प्रयोगाने झाली तो प्रत्येक विद्यार्थ्याला तपशिलासह सांगितला जावा असा माझा आग्रह आहे. ब्लेझ पास्कलने असा विचार केला की नळीतला पारा जर खरोखरच बाहेरच्या हवेच्या भाराने तोललेला असेल, तर डोंगरमाथ्यावर, जेथे डोक्यावरच्या हवेचा थर तितका कमी झालेला असतो, तेथे पारा खाली उतरला पाहिजे. तो स्वतः प्रकृतीने अशक्त होता आणि पॅरिसात राहत होता. म्हणून त्याने क्लेरमाँ येथे राहणाऱ्या आपल्या मेहुण्याला, फ्लोरँ पेरिएला, पत्राने ही कामगिरी सांगितली. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए गावातील काही प्रतिष्ठितांना साक्षीला घेऊन पुई-द-दोम या डोंगरावर चढला. निघण्यापूर्वी त्याने पायथ्याच्या गावी, एका मठाच्या बागेत, दोन नळ्यांतला पारा सारख्याच उंचीवर असल्याची खात्री करून घेतली, आणि त्यांतली एक नळी तेथेच ठेवून तिच्यावर दिवसभर नजर ठेवण्यास एका साधूला बसविले. सुमारे हजार मीटर वर गेल्यावर दुसऱ्या नळीतला पारा साडेआठ सेंटीमीटरांच्या आसपास उतरलेला दिसला. माथ्यावर निरनिराळ्या जागी पुनःपुन्हा मोजून पाहिले तरी तोच आकडा आला. खाली परतल्यावर बागेतल्या साधूने सांगितले की आपल्या नळीतला पारा दिवसभरात जराही हलला नाही. माझ्या मते या प्रयोगाचा खरा गौरव त्या साधूच्या बैठकीत आहे, कारण त्या दिवशी हवामानच बदलले असेल, ही शंका त्यामुळे मुळातच नाहीशी झाली. शास्त्रीय पद्धती म्हणजे काय, हे शिकविण्यास याहून सुबोध पाठ मला आढळलेला नाही.

येथे चौकस मूल एक प्रश्न हमखास विचारते, आणि तो विचारला जाईल इतकी मोकळीक वर्गात असली पाहिजे. एक चौरस मीटर मेजावर वरच्या हवेचा भार सुमारे दहा टन असेल, तर मेज मोडत कसे नाही? याचे उत्तर असे की मेजाच्या खालीही हवा आहे आणि ती तितक्याच बळाने वर लोटते आहे. वजन फक्त खाली दाबते. दाब मात्र त्याच जागी वर, खाली, आडवा, तिरपा सारखाच असतो. आपल्या शरीराच्या आत जे द्रव व वायू आहेत तेही त्याच दाबाखाली असल्यामुळे आपल्याला या ओझ्याची जाणीव होत नाही. हवेला वजन आहे एवढे पटविण्यास साधा हिशेब पुरेसा होतो: आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद व साडेतीन मीटर उंच अशा वर्गखोलीत कोंडलेली हवाच दोनशे किलोग्रॅमच्या घरात भरते.

दाबाचा दुसरा सिद्धांत, म्हणजे तो द्रवाच्या साठ्यावर अवलंबून नसून खोलीवर अवलंबून असतो, हा सिमोन स्टेव्हिन या डच अभियंत्याने १५८६ सालीच मांडला होता. तरीही तो आजही सुशिक्षितांच्या गळी सहजासहजी उतरत नाही. पावसाळ्यात कोणत्या धरणात किती टीएमसी पाणी आले याची नोंद आपण रोज वाचतो, आणि शंभराहून अधिक टीएमसी पाणी सामावणाऱ्या कोयनेच्या भिंतीवर त्या सबंध जलाशयाचा रेटा येत असेल अशी आपली समजूत असते. वास्तविक भिंतीला मागचा जलाशय किती लांब पसरला आहे याची वार्ताही नसते. तिच्या मागे त्याच खोलीचे, पण हातभर रुंदीचेच पाणी उभे केले, तरी तिच्यावरचा स्थिर रेटा कणभरही कमी होणार नाही. उलट खोली वाढली की रेटा कसा वाढतो ते पाहण्यासारखे आहे. दहा मीटर खोल पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ५० टन रेटा देते, वीस मीटर खोल पाणी २०० टन देते, आणि कोयनेसारख्या १०३ मीटर उंचीच्या धरणामागे पाणी शंभर मीटरांपर्यंत चढले की तोच आकडा ५,००० टनांवर जातो. खोली दुप्पट झाली की रेटा चौपट होतो, आणि भिंत उलथविण्याची त्याची शक्ती आठपट होते. धरणाची भिंत माथ्याशी अरुंद आणि पायाशी अवाढव्य का असते, किंवा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात सर्वांत तळाच्या बरग्याला सर्वांत अधिक भार का सोसावा लागतो, हे या एका नियमाने उलगडते. धरण फुटले तर खाली किती हाहाकार होईल हे साठ्यावर ठरते, यात शंका नाही. पण ते उभे राहील की नाही याचा निवाडा करताना खोलीचाच विचार करावा लागतो.

आणि दाब सर्व दिशांनी कार्य करतो या, पुस्तकात एका ओळीत आटोपल्या जाणाऱ्या, वाक्याचे मोल किती आहे हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने फ्रान्समधील बूझे येथील धरणाचा इतिहास पाहावा. हे दगडी धरण बांधणाऱ्यांनी भिंतीला आडवे लोटणाऱ्या पाण्याचा हिशेब केला होता. परंतु भेगांतून व पायाखालून झिरपलेले पाणी भिंतीला खालून वर उचलीत असते, आणि त्यामुळे तिचे स्थैर्य ज्या वजनावर अवलंबून आहे ते वजनच जणू कमी होते, याचा त्यांनी पुरता विचार केला नव्हता. २७ एप्रिल १८९५ रोजी ते धरण फुटले आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर मॉरिस लेव्ही या फ्रेंच अभियंत्याने या वरमुखी दाबासंबंधी नियम घालून दिला, आणि आज मोठ्या काँक्रीटच्या धरणांच्या पोटात जी गॅलरी ठेवलेली असते व तिच्यात झिरपलेले पाणी वाहून नेणारी जी छिद्रे असतात, ती याच दाबाचा निचरा करण्यासाठी असतात.

आपल्या प्रदेशातील जुन्या कारागिरांना हे सूत्र लिहिता येत नसेल, पण त्याचा उपयोग त्यांना उत्तम अवगत होता. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की अठराव्या शतकातली आहे. हर्सूलच्या बाजूने जमिनीखालून खापरी नळांतून आणलेले पाणी तेथे कोणत्याही यंत्राविना भिंतीच्या माथ्यापर्यंत चढते आणि वरून कोसळून जाते फिरविते. उगम उंचावर असल्यामुळे मधल्या सखल भागात उतरलेले पाणी पुन्हा जवळजवळ तितक्याच उंचीपर्यंत चढते, एवढेच त्यातले रहस्य आहे. आजचा गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींवर समान उंचीच्या खुणा करतो तोही हाच नियम. सहलीला गेलेल्या मुलांना पाणचक्कीपुढे उभे करून छायाचित्र काढले जाते. पाणी वर का चढते हे कोणी विचारीत नाही, याचे मला दुःख होते.

आता वातावरणाकडे वळतो. 'बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा' हे शब्द खेड्यातल्या पारावरही उच्चारले जातात, परंतु तो पट्टा वारे ओढून घेतो अशीच सर्वसाधारण समजूत असते. तेथेही ओढणारे कोणी नाही. भोवतालची अधिक दाबाची हवा कमी दाबाच्या प्रदेशाकडे लोटली जाते, पृथ्वीच्या परिवलनामुळे ती आपल्या गोलार्धात उजवीकडे वळते, त्या प्रदेशाभोवती घिरट्या घालीत वर चढते, थंड होते आणि पाऊस देते. हे फरक किती सूक्ष्म असतात! समुद्रसपाटीवरचा सरासरी दाब १,०१३ हेक्टोपास्कल. आणि राजस्थान-सिंधच्या तापलेल्या भूमीवरील दाब व दक्षिण हिंदी महासागरावरील दाब यांत पावसाळ्यात जे अंतर असते, ते हजारात वीसतीस भागांपेक्षा फारसे अधिक नसते. एवढ्याशा तफावतीवर सबंध नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा कारभार चालतो.

विचार करावयास लावणारी एक वस्तुस्थिती येथे नमूद करतो. १९९९ साली ओडिशावर आलेल्या महाचक्रीवादळाच्या केंद्रातील दाब सुमारे ९१२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरल्याचा अंदाज आहे. महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरांवर, अगदी निरभ्र दिवशीही हवेचा दाब त्याहून कमी, ८६५ च्या आसपास असतो. मग तेथे बारमाही वादळ का नसते? कारण वारा वाहतो तो समान उंचीवरच्या दाबांतील फरकामुळे. महाबळेश्वरच्या दाबातली घट ही डोक्यावरचा हवेचा थर कमी झाल्यामुळे झालेली घट आहे, आणि तेवढ्याच उंचीवर आसपासच्या मोकळ्या हवेतही जवळजवळ तोच दाब असतो. म्हणूनच १९२८ साली शिमल्याहून आलेले, आणि पुणेकरांच्या तोंडी अद्याप 'शिमला ऑफिस' म्हणूनच रुळलेले हवामानखात्याचे कार्यालय घ्या किंवा दुसरे कोणतेही, निरनिराळ्या ठाण्यांवरची दाबाची वाचने तेथे प्रथम समुद्रसपाटीवर आणून मगच नकाशावर मांडतात. दाबाचे गणित ज्याने नीट समजून घेतले आहे त्याला हा प्रश्न आणि त्याचे उत्तर दोन्ही आपसूक सुचावयास हवीत.

तेव्हा करावे काय? माझी सूचना अशी आहे की या प्रकरणाचा पहिला तास फळ्यापाशी न घेता शाळेच्या किंवा जवळच्या एखाद्या चार मजली इमारतीच्या जिन्यावर घ्यावा. बारा मीटर लांबीची, जाड भिंतीची पारदर्शक नळी आणावी. पातळ नळी चालत नाही, कारण आतला दाब कमी होताच बाहेरची हवा तिला चपटी करते, आणि हेही मुलांनी एकदा पाहिले तर उत्तमच. उकळून थंड केलेल्या पाण्याने ती भरावी, म्हणजे विरघळलेल्या हवेचे बुडबुडे फार त्रास देणार नाहीत. एक तोंड घट्ट बुचाने बंद करावे, दुसरे पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवावे, आणि बंद टोक दोरीने शिक्षकांच्या देखरेखीखाली गच्चीकडे चढवीत न्यावे. तत्पूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने काय घडेल ते कारणासह कागदावर लिहून द्यावे. दहा मीटरांच्या आसपास पाणी वर चढावयाचे थांबते, नळी आणखी वर नेली तरी पाणी तेथेच राहते, आणि वर रिकामी जागा पडते. ते दृश्य पाहिलेल्या मुलाला 'ओढणे' हा शब्द पुन्हा सहज वापरवणार नाही.

शिक्षणखात्याने मनावर घेतल्यास यापुढेही जाता येईल. एकाच दिवशी मुंबई, पुणे आणि महाबळेश्वर येथील शाळांनी हा प्रयोग करावा. मुंबईत पाणी दहा मीटरांच्या जवळ राहील, पुण्यात त्याहून अर्ध्या मीटरापेक्षा थोडे अधिक खाली, आणि महाबळेश्वरी आणखी पाऊण मीटराहून थोडे अधिक खाली. घाट चढताना आपण हवेचा किती थर मागे टाकून आलो हे मुले स्वतः फूटपट्टीने मोजतील. मुंबईच्या मुलांनी दिवसभर आपल्या नळीपाशी पहारा ठेवावा, म्हणजे क्लेरमाँच्या साधूचे कामही त्यांच्याकडे येईल.

अभ्यासक्रम मोठा, तास थोडे आणि परीक्षा डोक्यावर, ही शिक्षकांची तक्रार मला मान्य आहे, आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु जोवर परीक्षेत केवळ सूत्रात आकडे घालण्यास गुण आहेत, तोवर वर्गात दुसरे काही घडावे ही अपेक्षा व्यर्थ आहे; सबब परीक्षा मंडळाने या प्रकरणावरचे निम्मे गुण कारणमीमांसेला राखून ठेवावेत. उन्हाळ्यात मोटर विहिरीत का उतरवावी लागते, बंधाऱ्याचा तळचा बरगा जाड का हवा, धरणाच्या पोटातून पाण्याचा निचरा का करावा लागतो, असे प्रश्न विचारावेत. गणिते अवश्य असावीत, पण ती नळीच्या प्रयोगानंतर यावीत. पुण्याच्या मुलाने आपल्या गच्चीवर मोजलेल्या उंचीला पाऱ्याच्या घनतेने भागून तोरिचेल्लीची नळी आपल्या शाळेत किती भरली असती ते काढावे, आणि प्रयोगशाळेतल्या वायुभारमापकाशी तो आकडा ताडून पाहावा. जो थोडासा फरक उरेल तो नळीच्या रिकाम्या भागात साचलेल्या वाफेचा असतो, आणि त्याचे कारण शोधण्यास मुलांना पुढचा आठवडा द्यावा.